टपालाची निवड : वस्तू पाहून सेवा ठरवावी

शाळेच्या कारभारात आज संगणक आणि भ्रमणध्वनी यांचा प्रवेश झाला आहे. माहितीची कोष्टके क्षणात तालुक्यास पोचतात. तथापि मूळ कागद, पुस्तक किंवा वस्तू अशी पाठविता येत नाही. तिला टपालाचाच रस्ता धरावा लागतो. अशा वेळी दोनच प्रश्न सामान्यतः विचारले जातात : खर्च किती येईल, आणि केव्हा पोचेल? हे प्रश्न योग्य आहेत. परंतु त्यांचा क्रम दुसरा व तिसरा होय. पहिला प्रश्न असा की, पाठविलेली वस्तू वाटेत गहाळ झाली तर ती पुन्हा मिळेल काय?

एका खेड्यातील शाळेचे उदाहरण कल्पावे. गाव सोडून पुण्यास स्थायिक झालेल्या कुटुंबातील मुलीस जात पडताळणीसाठी आजोबांच्या शाळाप्रवेशाच्या नोंदीचा उतारा हवा आहे. मुख्याध्यापक जुने जनरल रजिस्टर कपाटातून काढतात, जीर्ण पाने जपून उलटतात, नोंद शोधतात आणि उतारा लिहून त्यावर सही-शिक्का करतात. इतके परिश्रम घेतल्यावर तो उतारा पाच रुपयांच्या साध्या पाकिटात घालून पेटीत टाकला जातो. पाकिटावर पिनकोड चुकीचा आहे. पाठविणाऱ्याचा पत्ता तर नाहीच. तीन आठवडे लोटतात. पावती नाही, क्रमांक नाही. चौकशी करावयाची ती कशाच्या आधारे? दुसरा उतारा लिहून देता येईल. परंतु मुलीच्या प्रवेशाची मुदत टळली तर ती कोण परत देणार? सुमारे साठ रुपयांच्या खर्चाने हे सारे टळले असते.

म्हणून टपालाची सेवा निवडण्यापूर्वी शिक्षकांनी पुढील तीन प्रश्न क्रमाने विचारावेत.

(१) ही वस्तू हरवल्यास पुन्हा मिळण्याजोगी आहे काय?
(२) ती पाठविल्याचा व पोचल्याचा पुरावा पुढे लागेल काय?
(३) ती कागद आहे, छापील पुस्तक आहे, की अन्य वस्तू आहे. आणि तिचे वजन किती?

या उत्तरांवरून सेवा आपोआप ठरते.

साधे टपाल : पालकसभेचे निमंत्रण, शुभेच्छा, खुशालीचे पत्र इत्यादी मजकूर हरवला तरी पुन्हा लिहिता येतो. त्यासाठी ५० पैशांचे पोस्टकार्ड किंवा अडीच रुपयांचे आंतर्देशीय पत्र पुरे. पाकिटास २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये हशील पडते. नेहमीच्या मोठ्या आकाराचा एक कागद सुमारे ५ ग्रॅम भरतो. म्हणजे पाकिटाचे वजन धरून तीन कागदांपलीकडे जाऊ नये. साध्या टपालाची पावती मिळत नाही, हे विसरू नये.

स्पीड पोस्ट : ही सेवा १९८६ साली सुरू झाली. दाखले, उतारे, सेवापुस्तकातील कागद, मुदतीचे अर्ज हे सर्व याच सेवेने पाठवावे. ५० ग्रॅमपर्यंतच्या कागदपत्रांस स्थानिक दर १९ रुपये व अन्यत्र ४७ रुपये आहे, कर निराळा. पूर्वी महत्त्वाचे कागद ‘रजिस्टर’ करण्याचा प्रघात होता. ती स्वतंत्र सेवा २०२५ साली स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. कागद ज्याच्या नावे आहे त्याच्याच किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीच्या हाती पडावा अशी इच्छा असल्यास, स्पीड पोस्ट करतानाच ५ रुपये व कर अधिक देऊन नोंदणी मागावी. न मागितल्यास ती होत नाही. पावतीवरील १३ अक्षर-अंकांचा क्रमांक हा त्या कागदाचा माग होय. तो शाळेच्या जावक नोंदवहीत त्याच दिवशी उतरवावा आणि ज्यास कागद पाठविला त्यासही कळवावा.

ज्ञान पोस्ट : शैक्षणिक पुस्तकांसाठी ही सेवा १ मे २०२५ पासून सुरू झाली आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये व ५ किलोपर्यंत १०० रुपये असे हिचे दर असून कर वेगळा पडतो. टपाल जमिनीवरील मार्गाने जात असल्याने वेळ अधिक लागतो. परंतु त्याचा माग ठेवता येतो. वाचनालयाच्या पुस्तकांची देवघेव करणाऱ्या शाळांस ही सेवा फार उपयोगी आहे. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशक यांचे नाव छापलेले असावे. त्यात खासगी पत्र घालू नये. ते पोस्टकार्डाने निराळे पाठवावे.

पार्सल : विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रतिकृती, खेळाचे साहित्य, कपडे यांसाठी पार्सल योग्य. ठिसूळ वस्तूभोवती जुन्या वर्तमानपत्रांचे गोळे दाबून भरावेत. खोका हलविला असता आत आवाज होता कामा नये. प्रयोगशाळेतील ज्वालाग्राही अथवा विषारी द्रव्ये टपालाने मुळीच पाठवू नयेत. पाकिटात नोटा घालण्याची सवयही सोडावी.

सेवा कितीही उत्तम निवडली तरी पत्ता सदोष असल्यास ती व्यर्थ होय. पत्त्यात नाव, घर, गाव, तालुका, जिल्हा आणि पिनकोड असा क्रम ठेवावा. आपल्या देशातील सहा अंकी पिनकोडची योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणचे सुपुत्र व संस्कृतचे पंडित होते. पिनकोडचा पहिला अंक विभाग दाखवितो. महाराष्ट्र व गोवा यांचा अंक ४ आहे. शेवटचे तीन अंक वाटप करणारे टपाल कार्यालय सांगतात. एकाच नावाची अनेक गावे असताना पत्र योग्य गावी जाते ते याच सहा अंकांमुळे. पाकिटाच्या मागे किंवा डाव्या कोपऱ्यात शाळेचा पत्ताही लिहावा, म्हणजे न पोचलेले टपाल परत येऊ शकेल.

वर्गपाठ : चौथी व त्यापुढील वर्गांत हा विषय एका तासिकेत शिकविता येईल. फळ्यावर पुढील पाच वस्तू लिहाव्यात : मामास खुशालीचे पत्र, ताईचा शाळा सोडल्याचा दाखला, दुसऱ्या शाळेस गोष्टींचे पुस्तक, मातीची बैलजोडी आणि काडेपेटी. प्रत्येक वस्तूस वरील तीन प्रश्न लावून मुलांनी सेवा सुचवावी आणि कारण सांगावे. काडेपेटीपाशी मुले अडखळतील. तेथे शिक्षकांनी घाई करू नये. नंतर प्रत्येक मुलाने स्वतःच्या घरचा पूर्ण पत्ता पिनकोडसह लिहावा. पुष्कळ मुलांना तो ठाऊक नसतो, असे दिसून येईल. शक्य असल्यास गावच्या शाखा टपाल कार्यालयास भेट द्यावी आणि प्रत्येक मुलाने एक पोस्टकार्ड स्वतः पेटीत टाकावे.

ग्रामीण भागात कागदपत्रांविषयी लोक शिक्षकांचाच सल्ला घेतात. ‘गुरुजी, हे कसे पाठवू?’ असे विचारीत येणाऱ्या पालकास केवळ स्वस्त मार्ग दाखवून भागणार नाही. त्याच्या हातातील कागद दुसरा मिळणारा आहे की नाही, हे आधी पाहावे आणि मगच मार्ग सांगावा.