मूल दवाखान्यात असतं तेव्हा आई-बाबांना कोण सांभाळतं?



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या तिसरीच्या वर्गातला एक मुलगा चार दिवस शाळेत आला नाही. चाचणी जवळ आलेली, म्हणून मी त्याच्या वडिलांना फोन लावला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "चाचणीला येईल ना तो?" पलीकडे जरा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "मॅडम, पोरगं अकोल्याले भरती आहे. डेंग्यू सांगतला. चाचणीचं आता काय सांगू तुमाले?"

फोन ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली. रविवारी भेटायला गेले. मुलगा झोपला होता, आई बाकावर बसून होती. म्हणाली, "डॉक्टरनं सकाळी सांगतलं सारं, पण मले काहीच समजलं नाही. मी नुसती हो हो करत गेली." आणि थोड्या वेळानं हळूच, "कूलरमधलं पाणी म्याच नाही फेकलं."

त्या दिवशी कळलं, ताण फक्त आजाराचा नसतो. न समजण्याचा असतो, पैशांचा असतो, बुडालेल्या मजुरीचा, घरी राहिलेल्या धाकट्या लेकराचा असतो. आणि 'माझ्यामुळेच झालं' याचा तर सगळ्यात जास्त. यात आपण काय करू शकतो, ते लिहिते.

१. समजलं की भीती आटोक्यात येते

त्या मुलाचा ताप उतरला होता, म्हणून वडील सुट्टी मागत होते. पण डेंग्यूमध्ये साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो आणि त्यानंतरचे २४ ते ४८ तासच जास्त जपायचे असतात. पोटात खूप दुखणं, सारख्या उलट्या, नाका-हिरड्यातून रक्त, मूल सुस्त पडणं, असं काही दिसलं की लगेच सांगायचं. हे कळल्यावर वडील शांत झाले. डॉक्टर मुद्दाम ठेवून घेत नाहीत, हे त्यांना पटलं.

मी त्यांना एक शंभर पानी वही दिली. रोज डॉक्टर येण्याआधी त्यात तीन प्रश्न लिहून ठेवायचे:

- कालपेक्षा आज काय बदललं?
- आजची तपासणी किंवा औषध कशासाठी?
- काय दिसलं तर नर्सताईंना लगेच बोलवायचं?

उत्तर समजलं नाही तर "पुन्हा सांगा" म्हणायला लाजू नका. वर्गात आपणच मुलांना तसं सांगतो ना!

२. पैशांची चिंता

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या दवाखान्यात 'आरोग्यमित्र' बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन पहिल्याच दिवशी त्यांना भेटा. आपल्या मुलाचा उपचार योजनेत बसतो का, हे ते सांगतात. हेल्पलाइन १५५३८८. कर्ज काढण्याआधी ही चौकशी झालीच पाहिजे. पालकांना हे माहीत नसेल तर आपण सांगावं, लागल्यास कागद गोळा करून द्यावेत.

३. आई-बाबांचीही पाळी लावा

आई दोन दिवस नीट जेवली नव्हती. आईनं उपाशी राहून लेकरू लवकर बरं होत नाही. नातेवाइकांनी पाळ्या वाटून घ्याव्यात: एकानं रात्र काढायची, एकानं डबा आणायचा, एकानं घरचं लेकरू आणि शेत पाहायचं. आपल्या अमरावती जिल्ह्यातले संत गाडगेबाबा. त्यांच्या नावाची धर्मशाळा मुंबईत दादरला आहे, तिथे टाटा रुग्णालयात आलेले रुग्ण आणि नातेवाईक राहतात. रुग्णासोबत आलेल्या माणसालाही आधार लागतो, ही शिकवण आपल्याच मातीतली आहे.

४. मुलाजवळ कुणीतरी आपलं असू द्या

पूर्वी इंग्लंडमध्ये दवाखान्यातल्या मुलांना आई-बाबा फार थोडा वेळ भेटू शकत. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी दोन वर्षांच्या एका मुलीवर चित्रपट केला आणि आईविना मूल आतून कसं खचतं, ते लोकांना दिसलं. १९५९ च्या प्लॅट समितीनं पालकांना मोकळेपणानं भेटू द्यावं, अशी शिफारस केली. म्हणून जवळ बसणं हाही उपचाराचाच भाग समजा. मात्र मुलाशी खोटं बोलू नका. "काहीच दुखणार नाही" असं सांगण्यापेक्षा "थोडं टोचेल, मी हात धरते" म्हणा. विश्वास टिकतो.

५. भेटायला गेल्यावर हे बोलू नका

"आमच्या गल्लीतल्या पोरालेही असंच झालं होतं…", "तुमचं लक्ष नव्हतं का?" ही वाक्यं गावातच ठेवून जा. त्या आईला मी एवढंच सांगितलं, "डास कोणत्या घरचा होता, कोणाले माहीत? तुम्ही वेळेवर आणलं, हे महत्त्वाचं." ती तेव्हा पहिल्यांदा रडली. रडू दिलं.

झोपच येत नाही, जीव सारखा घाबरतो, असं पालक सांगत असतील तर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक द्या. तिथे मराठीतही बोलता येतं.

६. शाळेत परत आल्यावर

बुडालेला अभ्यास हळूहळू होतो, घाई नको. आपल्या विदर्भात सिकलसेलची मुलंही वर्गात असतात, त्यांना पुन्हा पुन्हा भरती व्हावं लागतं. अंगातलं पाणी कमी झालं किंवा थंडी लागली तर त्यांचं दुखणं वाढू शकतं. त्यांना तासाला पाणी पिऊ द्या, लघवीला जाऊ द्या, हजेरीवरून टोचू नका.

तो मुलगा बारा दिवसांनी वर्गात आला, थोडा वाळलेला, पण हसत. त्याची चाचणी मी पुढच्या आठवड्यात घेतली, काही बिघडलं नाही. आता मूल गैरहजर असलं की मी फोनवर आधी विचारते, "घरी सगळे बरे आहात ना?" तुम्हीही एवढंच करून पाहा.