पट आणि प्रगती : खेड्यातील छोट्या शाळेचा प्रश्न

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणावरील अनुदानाच्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक आकडा सभागृहापुढे ठेवला. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर शंभर मुलांपैकी केवळ १८ चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचत. उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होत. आयुष्यभर साक्षर राहील इतके शिकूनच मुलाने प्राथमिक शाळा सोडावी, ही त्यांची अपेक्षा होती. शाळेचे मोल पटावरील नावांवरून नव्हे, तर मुलाच्या हाती काय लागले यावरून ठरते, हा बोध आम्ही त्यातून घेतो.

आज वाड्या-वस्त्यांवरील जिल्हा परिषदेच्या शाळांचे भवितव्य मात्र पटावरच तोलले जाते. पट वीसच्या खाली गेला की शाळा जवळच्या मोठ्या शाळेत विलीन करण्याची चर्चा सुरू होते. पट घटण्याची कारणे अनेक आहेत. जन्मदर उतरला, कुटुंबे शहराकडे गेली, इंग्रजी माध्यमाच्या शाळेची गाडी वस्तीपर्यंत येऊ लागली. ऊसतोड कामगारांचे मूल दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर निघून जाते. नाव पटावर राहते आणि मूल उसाच्या फडात.

अशा शाळेची गुणवत्ता टक्क्यांत मोजणे फसवे असते. चौथीत चारच मुले असतील आणि एक मागे पडले, तर निकाल ७५ टक्क्यांवर येतो. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार साठपर्यंतच्या पटाला दोन शिक्षक. त्या दोघांनाच चार-पाच इयत्ता सांभाळाव्या लागतात. तेथे प्रत्येक मुलाचे वाचन, लेखन व गणित स्वतंत्रपणे तपासणे हीच खरी मोजणी होय.

येथे आम्हांला स्वतःकडेही पाहिले पाहिजे. आमच्या वसतिगृहात एक मूल दाखल होते, तेव्हा त्याच्या गावच्या शाळेचा पट एकाने घटतो. मुलगा इकडे येतो. धाकटी बहीण बहुधा गावातच शिकते. ती शाळा बंद झाली, तर घरापासून एक किलोमीटर चालणारी ती मुलगी तीन किलोमीटर चालत जाईलच, याची शाश्वती कोण देणार? प्रवेशाच्या आनंदात हा हिशेब आम्ही फारसा मांडला नाही, हे मान्य केले पाहिजे.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे : गावची शाळा नीट चालत असेल, तर चौथीपर्यंत मूल तेथेच ठेवावे. पाचवीपासून आमचे दार उघडे आहेच. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी ते पहिलीपासूनच उघडे असावे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात. जे माजी विद्यार्थी आज पालक आहेत, त्यांनी त्या समितीत बसावे आणि सभेत पटाबरोबर एक प्रश्न आवर्जून विचारावा : यातील किती मुलांना वाचता येते?