सागरापलीकडील प्रांत

वादविवादसभेत बोलावयास उभे राहणाऱ्या विद्यार्थ्याने प्रतिपक्षावर तुटून पडण्यापूर्वी विषयातील शब्द नीट पारखून घ्यावेत, असे आम्ही वर्गात वारंवार सांगतो. यास गोवे, दमण व दीव यांच्या इतिहासाहून चांगले उदाहरण आम्हांस सापडत नाही.

दीव हे सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगतचे लहानसे बेट; गोवे तेथून कितीतरी दूर दक्षिणेस. तरी दोहोंवर राज्य लिस्बनचे. १९५१ साली पोर्तुगालने आपल्या राज्यघटनेतून ‘वसाहत’ हा शब्द काढून अशा मुलखांस ‘सागरापलीकडील प्रांत’ म्हणावयास प्रारंभ केला. नाव पालटले, सत्ता लिस्बनचीच राहिली. परंतु नाव मोठ्या उपयोगाचे ठरले. स्वराज्य न लाभलेल्या मुलखांची माहिती संयुक्त राष्ट्रांस देणे सभासद राष्ट्रांवर बंधनकारक असते. १९५५ साली सभासद झालेल्या पोर्तुगालने उत्तर दिले, की आमच्यापाशी असा मुलूखच नाही, आहेत ते प्रांत! १९६० साली आमसभेने हा युक्तिवाद फेटाळला, आणि डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याने हा प्रश्न निकालात काढला.

येथवर आमचे विद्यार्थी एकमताने टाळ्या देतात. कठीण वाद पुढेच आहे. मुक्त झालेले गोवे महाराष्ट्रात विलीन व्हावे, की केंद्रशासित राहावे?

विलीनीकरणाच्या बाजूस मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर व त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष होता. गोमंतकातील भजन, कीर्तन, शाळा यांची भाषा मराठी, हे त्यांचे बळ. विरुद्ध बाजूस डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष व रवींद्र केळेकर यांच्यासारखे कोकणीचे अभिमानी. त्यांच्या मते कोकणी ही स्वतंत्र भाषा होती आणि मोठ्या राज्यात लहान मुलखाचा आवाज बुडाला असता. आमच्या सातारा-सांगलीकडील मन अर्थातच पहिल्या बाजूस ओढ घेई. आमच्या देवराष्ट्रे गावी जन्मलेले यशवंतराव चव्हाण त्या वेळी केंद्रात गृहमंत्री होते.

१८४८ साली दत्तक नामंजूर करून साताऱ्याचे राज्य खालसा झाले. १९४८ साली सांगली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. दोन्ही प्रसंग अगदी निराळे, पण प्रजेपुढे मतपेटी कोणी ठेवली नव्हती. गोव्यात १६ जानेवारी १९६७ रोजी ती ठेवली गेली. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पाने म्हणजे केंद्रशासित प्रदेश. फुलास १,३८,१७० मते पडली, पानांस १,७२,१९१. हा कौल केवळ ख्रिस्ती लोकांचा होता असे कोणी म्हणतात. ते गणितास धरून नाही, कारण गोव्यात ख्रिस्ती अल्पसंख्य होते. पुष्कळ हिंदूंनीही पानांवरच शिक्का मारला.

आणि काही आठवड्यांनी त्याच मतदारांनी बांदोडकरांच्याच पक्षास पुन्हा सत्तेवर बसविले! ज्यास कारभारी म्हणून पसंत केले त्याचे विलीनीकरण मात्र नाकारले. हा भेद ज्या वक्त्यास उमगला नाही, त्याने या विषयावर दोन्ही बाजूंनी बोलून पाहावे.

३० मे १९८७ रोजी गोवे स्वतंत्र घटकराज्य झाले. दीव व दमण केंद्रशासितच राहिले. २०२० साली त्यांस दादरा व नगर हवेलीशी जोडण्यात आले. त्या वेळी जनमतकौल घेतला गेला नाही.