शेवग्यावरचा शिंजीर

सातारा

चि. मधुरास,


ताडोबाचे फोटो मिळाले. दिवाळीत मी तुला एम. कृष्णन यांच्या कृष्णधवल छायाचित्रांचं पुस्तक दिलं, त्याचा परिणाम लगेच दिसला. वाघीण, सांबर, पाणवठ्यावरचा मोर, सगळे कृष्णधवल! पुस्तक तुला इतकं भिडलं याचा मला आनंदच आहे. पण त्यातून घ्यायचं ते राहून गेलंय, असं वाटलं म्हणून लिहितो.

त्यातले हत्ती पुन्हा काढून बघ. हत्तीच्या अंगावर रंग असा कितीसा असतो? असतात त्या सुरकुत्या, वाळलेला चिखल, पोटाखालची सावली. ते सारं काळ्या-पांढऱ्यात उठून दिसतं. शिवाय भोवतीचं रान फ्रेममध्ये असतं, म्हणून तो प्राणी कुठे राहतो हे कळतं. तू वाघिणीचा चेहरा एवढा क्रॉप केलास की ती ताडोबात होती की पिंजऱ्यात, ते सांगता येत नाही. आणि मोराचा रंग का काढलास, याचं उत्तर तुझ्याकडे आहे का? ‘त्यांनी तसं केलं म्हणून’ हे उत्तर मी धरणार नाही.

कृष्णन या माणसाने चाळिसाच्या दशकात घोरपड्यांच्या संडूर संस्थानात नोकरी केली. मास्तरकी केली, न्यायाधीशाचं कामही केलं. पुढे नोकरी सोडली आणि १९५० पासून कोलकात्याच्या ‘स्टेट्समन’मध्ये ‘कंट्री नोटबुक’ हे सदर सुरू केलं. ते १९९६ साली त्यांच्या मृत्यूपर्यंत चाललं. सेहेचाळीस वर्षं! त्यात नुसते हत्ती आणि गवे नव्हते. कावळे, खारी, पाली, कबुतरं, अंगणात दिसणारं सगळं होतं. सोबतची रेखाटनंही बऱ्याचदा त्यांचीच. कॅमेरा म्हणशील, तर वेगवेगळे भाग जुळवून स्वतःच बांधलेलं एक अवजड धूड. रानात पायी किंवा पाळीव हत्तीच्या पाठीवर बसून फिरायचे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९७५ मध्ये काढलेलं त्यांचं भारतीय वन्यजीवांवरचं पुस्तक माझ्या कपाटात आहे. इकडे आलीस की वाच. फोटोच्या आधी किती बघणं झालेलं असतं, ते त्यात दिसतं.

मला हे उशिरा कळलं. तुझ्या वयाचा असताना परसातल्या जास्वंदीत बुलबुलाचं घरटं होतं. पिल्लं नीट दिसावीत म्हणून मी पुढच्या दोन फांद्या दोरीने बाजूला बांधल्या. फोटो छान आला. दुसऱ्या दिवशी सकाळी घरटं रिकामं होतं. आडोसा मी काढला आणि कावळ्यांना वाट मिळाली. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. मी तो कुणाला दाखवत नाही. बुलबुलाविषयी तेव्हा मला थोडं जरी माहीत असतं, तरी त्या फांद्यांना हात लावला नसता. घरट्याचे फोटो काढायचेच नाहीत, हे एवढं माझं आजच ऐक.

तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर शेवगा आहे. तो फुलला की शिंजीर पक्षी येतो. नर लांबून काळा दिसतो आणि ऊन अंगावर पडलं की निळा-जांभळा चमकतो. ही चमक कृष्णधवलात मरेल. तिथे रंगच हवा. पण ऊन कुठून आलं की तो चमकतो? कोणत्या फांदीवर आधी बसतो? मादी सोबत असते का? तो येऊन गेल्यावर दुसरा कुठला पक्षी येतो की नाही? पंधरा दिवस कॅमेरा कपाटात ठेव. रोज सकाळी अर्धा तास खिडकीशी बस आणि वहीत लिही. जमेल तसं चित्र काढ, वेडंवाकडं आलं तरी चालेल. सोळाव्या दिवशी कॅमेरा हातात घेशील, तेव्हा कुठे उभं राहायचं आणि किती वाजता, हे तुला कुणाला विचारावं लागणार नाही.

नवीन लेन्सचं म्हणतेस, ती सध्या घेऊ नकोस. आहे ती पुरे.

पुढच्या वेळी फोटो पाठवू नकोस. त्या वहीची पंधरा पानं पाठव, मी वाट बघतो. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा