आधी आवाज ठरवा, वेग शेवटी: सोलापूरच्या उन्हाळ्यात मोठं ग्राफिक्स कार्ड

शुक्रवार पेठेतलं घर माळवदाचं असो की स्लॅबचं, मे महिन्यात दुपारी खोलीतला पारा ३८-४० ला टेकतोच. बाहेर तो ४२-४३ असतो. ओव्हरक्लॉकिंग शिकवणारे व्हिडिओ बहुतेक २१-२२ अंशांच्या खोलीत केलेले असतात, आणि तिथे ६५ अंशांवर खुशाल चालणारं कार्ड तेच सेटिंग घेऊन इथे ८३ वर जातं. यात कार्डाचा दोष नाही. हीटसिंक कितीही मोठा असला तरी ठरावीक वॉट आणि ठरावीक फॅनला तो कार्डाला खोलीच्या हवेपेक्षा अमुक अंश वर ठेवतो, एवढंच त्याचं काम. व्हिडिओतल्या कार्डाची ही चढ ४३ अंशांची होती. खोली १८ अंशांनी तापली, की कार्डही जवळपास तेवढंच तापणार.

नेहमीचा क्रम असा: आधी क्लॉक वाढवायचं, मग तापमान आवरायला फॅन वाढवायचे, मग आवाज सहन करत बसायचं. आपल्याकडे हा क्रम उलटा करावा. खोलीचं तापमान हातात नाही म्हणून ते मान्य करायचं, आवाज किती चालेल ते आधी ठरवायचं, व्होल्टेज उतरवून उष्णता कमी करायची, आणि एवढं करून जागा उरली तर वेग वाढवायचा. रात्र रात्र लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे असोत, थ्रीडी रेंडर लावणारे असोत की गेम खेळणारे, क्रम हाच.

खालचे आकडे जीफोर्स आरटीएक्स ४०९० धरून दिले आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेलं हे कार्ड ४५० वॉटचं आहे. ४०८० हे ३२० वॉटचं, तर ५०९० हे ५७५ वॉटचं. कार्ड बदललं की आकडे बदलतील, पायऱ्या बदलणार नाहीत.

लागणारं साहित्य

- एमएसआय आफ्टरबर्नर. नाव एमएसआयचं असलं तरी कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालतं.
- तापमान, वॉट आणि क्लॉक पाहायला एचडब्ल्यूइन्फो.
- चाचणीसाठी युनिजिन सुपरपोझिशन किंवा थ्रीडीमार्क, शिवाय तुमचं रोजचं काम.
- मऊ ब्रश, टॉर्च, हातातला ब्लोअर.
- खोलीत टांगायचा साधा थर्मामीटर.
- वही. प्रत्येक चाचणीला खोलीचं तापमान, कार्डाचं तापमान, वॉट, फॅनचा वेग आणि स्कोअर एका ओळीत लिहायचा.

कृती

१. मोजमाप दुपारी घ्या. सकाळी सहाला जमलेलं सेटिंग दुपारी तीनला टिकेलच असं नाही, आणि जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या थंडीत जमलेलं अक्षय तृतीयेपर्यंत तर नाहीच. काहीही न बदलता दुपारी ३ ते ५ च्या दरम्यान अर्धा तास पूर्ण भार द्या आणि आकडे लिहा. कार्डाच्या तापमानातून खोलीचं तापमान वजा केलं की तुमच्या कार्डाची चढ मिळते. पुढची सगळी तुलना या चढीशी करायची, नुसत्या तापमानाशी नाही.

हॉटस्पॉटचा आकडाही पाहा. तो सरासरी तापमानापेक्षा १०-१५ अंश वर असणं ठीक. फरक २५ च्या पुढे गेला तर थर्मल पेस्ट सरकली असेल किंवा हीटसिंक नीट बसला नसेल. ते फॅनने भरून निघत नाही. ५० मालिकेच्या कार्डांत हॉटस्पॉट दिसत नाही, तिथे मेमरीच्या तापमानावर लक्ष ठेवा.

२. लव काढा. चादरी-टॉवेलच्या या शहरात, विशेषतः माग जवळ असतील तर, हवेत धुळीबरोबर सुताची लवही असते. कॅबिनेटची पुढची जाळी काढून उजेडासमोर धरा. पांढुरकी-करडी साय धरलेली दिसेल. कोपऱ्यातून नखाने उचकटली तर ती टॉवेलच्या तुकड्यासारखी अखंड सुटून येते. जाळी साध्या पाण्याने धुवा आणि पूर्ण सुकवूनच बसवा.

कार्ड मात्र वरून स्वच्छ दिसून फसवतं. लव फॅनच्या पात्यांवर फार थांबत नाही, पात्यांखाली हीटसिंकच्या पत्र्यांच्या कडेवर बसते. पात्यांच्या फटीतून टॉर्च मारून पाहा. वीज बंद करून, कार्ड बाहेर काढून, पत्र्यांच्या दिशेनेच ब्लोअर मारा. मारताना पातं बोटाने धरून ठेवायचं. फॅन वाऱ्याने भलत्या वेगात फिरला तर त्याचं बेअरिंग जातं.

वॉरंटी चालू असेल तर हीटसिंक उघडू नका. थर्मल पॅडची जाडी अर्ध्या मिलीमीटरने चुकली तरी चिप आणि हीटसिंक यांच्यात फट राहते आणि काम होतं त्यापेक्षा बिघडतं.

३. कॅबिनेटला श्वास द्या. भिंतीतल्या कोनाड्यात किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेलं कॅबिनेट स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं. मागे वीतभर जागा हवी. एक सोपी परीक्षा: पूर्ण भारावर बाजूचा पत्रा काढा. कार्ड ५ अंशांहून जास्त उतरलं, तर खोट कार्डाची नसून कॅबिनेटची आहे. पुढून दोन फॅन हवा आत घेणारे आणि मागून एक बाहेर टाकणारा, एवढं बहुतेकांना पुरतं. आत येणारी हवा जास्त ठेवली म्हणजे फटीफटीतून लव ओढली जात नाही, ती जाळीवर अडकते.

खोलीत पाण्याचा कूलर असेल तर त्याचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका. कार्ड खोलीपेक्षा गरम असल्यामुळे त्यावर दव धरत नाही. पण कूलरमधून उडणाऱ्या तुषारांतले क्षार बोर्डावर पांढरे डाग धरतात. कूलर खिडकीत, कॅबिनेट त्याच्या झोताच्या बाजूला आणि समोरचं दार उघडं, अशी मांडणी बरी. दार बंद ठेवलं तर खोलीत दमटपणा वाढत जातो आणि कूलरचा गारवाही संपतो.

४. वीज तपासा. ४५० वॉट म्हणजे १२ व्होल्टवर साडेसदतीस अँपिअर. कार्डाची १६ पिनांची केबल फट दिसणार नाही इतकी आत दाबा. प्लगपासून साडेतीन सेंटीमीटरपर्यंत ती सरळ राहू द्या, त्यानंतरच वाकवा. अर्धवट बसलेले हे प्लग वितळल्याची उदाहरणं जगभर झाली आहेत. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. तो या कॉम्प्युटरला लावलात तर वीज गेल्या क्षणी सगळंच बंद पडेल.

५. आवाजाची हद्द ठरवा. आता नेहमीच्या खुर्चीत बसा. आफ्टरबर्नरमध्ये कार्डाचे फॅन हाताने ३० टक्क्यांवर ठेवा आणि पाच-पाचने वाढवत जा. ज्या आकड्यावर कामातलं लक्ष उडतं, त्याच्या एक पायरी खालचा आकडा ही तुमची हद्द. समजा ती ५५ टक्के निघाली. वहीत ठळक लिहा.

इथे घाई करू नका, कारण फॅनच्या आवाजाचा हिशेब वेगाच्या हिशेबाने चालत नाही. २००० फेऱ्यांवरून १५०० वर आलात की हवा पाव हिश्शाने कमी होते, पण आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. शेवटच्या काही टक्क्यांत तापमान फारसं उतरत नाही, गोंगाट मात्र वाढतो.

फॅन मंद असूनही बारीक किरकिर ऐकू येत असेल तर ती कार्डावरच्या कॉइलची. गेमच्या मेनूत फ्रेम शेकड्यांनी धावतात तेव्हा ती जास्त जाणवते. मॉनिटरच्या रिफ्रेश रेटएवढी फ्रेमची मर्यादा घातली की ती बरीच निवते.

६. व्होल्टेज उतरवा. खरी कमाई याच पायरीत आहे. चिपची उष्णता क्लॉकच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.०५ वरून ०.९५ व्होल्टला आलात, तर फक्त व्होल्टेजमुळे १८ टक्के उष्णता घटते.

आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबा, व्होल्टेज-क्लॉकचा आलेख उघडेल. संपूर्ण रेघ इतकी सरकवा की ९५० मिलिव्होल्टचा ठिपका २६०० मेगाहर्ट्झवर येईल. मग त्याच्या उजवीकडचे सगळे ठिपके निवडून त्या उंचीच्या खाली ओढा आणि लागू करा. रेघ तिथून पुढे सपाट होते, कार्ड त्याहून जास्त व्होल्टेज मागत नाही. एकच ठिपका उचलून रेघ वाकवायचा शॉर्टकट टाळा. त्यात दाखवलेलं क्लॉक एक आणि प्रत्यक्षातलं कमी, असं होतं. एचडब्ल्यूइन्फोमधला ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ पाहून खात्री करा.

मूळचं कार्ड २७४० च्या आसपास धावत असेल, तर क्लॉक जेमतेम ५ टक्के उतरतं आणि पूर्ण भारावरचे ४५० वॉट ३५० च्या घरात येतात. ४३ अंशांची चढ त्याच प्रमाणात ३३-३४ वर येते. म्हणजे ४० अंशांच्या खोलीत, तेवढ्याच फॅनवर, ८३ ऐवजी ७३-७४. वाचलेले १०० वॉट खोलीतही येत नाहीत. रोज पाच तास काम असेल तर महिन्याला १५ युनिट वाचतात, ते वेगळेच.

प्रत्येक चिप वेगळी असते. कुणाचं कार्ड ९५० मिलिव्होल्टला २७०० सहज पेलतं, कुणाचं २६०० लाच लटपटतं. कार्ड लटपटलं तर क्लॉक १५-१५ मेगाहर्ट्झने खाली आणा.

७. फॅनची रेघ आखा. सेटिंग्जमधल्या फॅनच्या टॅबमध्ये स्वतःची रेघ आखता येते. उन्हाळ्यासाठी असा आराखडा धरा:

- ५५ अंशांपर्यंत: ३० टक्के, अखंड
- ६५ अंशांना: ४० टक्के
- ७२ अंशांना: ४८ टक्के
- ७८ अंशांना: तुमची हद्द, म्हणजे ५५ टक्के
- ८४ अंशांना: ७५ टक्के
- ८८ अंशांना: १०० टक्के

पहिली ओळ मुद्दाम आहे. नवी कार्डं थंड असताना फॅन पूर्ण बंद ठेवतात. थंड खोलीत ही सोय छान. पण ४० अंशांच्या खोलीत नुसतं पडून असलेलं कार्डही फॅन सुरू होण्याच्या उंबरठ्यावर असतं. फॅन सुरू होतात, दोन मिनिटांत थांबतात, पुन्हा सुरू होतात, आणि प्रत्येक वेळी ‘घुर्र’ होतं. सलग मंद आवाजाचा कानाला विसर पडतो, चालू-बंद होणाऱ्या आवाजाचा पडत नाही. उन्हाळ्यात ही सोय बंद ठेवा. त्याच टॅबमध्ये हिस्टेरेसिस ५ अंशांवर ठेवला, की तापमान एक-दोन अंश हललं तरी फॅन वरखाली होत नाहीत.

शेवटच्या दोन ओळी अडीअडचणीसाठी. रोजच्या कामात कार्ड तिथवर गेलं तर फॅन वाढवू नका, सहाव्या पायरीवर परत जा.

८. जागा उरली तरच ओव्हरक्लॉक. सातव्या पायरीनंतर पूर्ण भारावर कार्ड ७५ च्या खाली आणि फॅन हद्दीच्या आत असतील, तरच पुढे जा. आधी मेमरी, कारण तिच्यासाठी वॉट फार लागत नाहीत. १००-१०० ने वाढवा आणि प्रत्येक वेळी स्कोअर लिहा. जीडीडीआर६एक्स मेमरी चुका स्वतः पकडून माहिती पुन्हा पाठवते, त्यामुळे मर्यादा ओलांडली तरी पडद्यावर ठिपके दिसतीलच असं नाही. स्कोअर मात्र घसरू लागतो. तो घसरला की दोन पायऱ्या मागे या. मेमरीचं तापमान १०० च्या आत ठेवा, ११० च्या आसपास ती स्वतःच आवरतं घेते.

मग कोअर. त्याच ९५० मिलिव्होल्टवर १५ मेगाहर्ट्झने वर सरका. पॉवर लिमिट वाढवणं मे महिन्यात विसरून जा. तिथून मिळणारे चार-दोन फ्रेम आवाजाच्या रूपात वसूल होतात.

९. दोन तऱ्हेने तपासा. अर्धा तास जड बेंचमार्क, आणि नंतर एक पूर्ण संध्याकाळ तुमचं खरं काम. बेंचमार्कमध्ये तासन्‌तास टिकणारं सेटिंग रे ट्रेसिंगच्या गेममध्ये किंवा रेंडरच्या मधोमध कोसळू शकतं. दोन्ही पार पडेपर्यंत ‘विंडोज सुरू होताच लागू करा’ हा पर्याय चालू करू नका. नाहीतर बिघडलेलं सेटिंग दर वेळी सुरुवातीलाच कार्डावर बसेल.

१०. दोन प्रोफाइल साठवा. आफ्टरबर्नरमध्ये पाच जागा असतात, आपल्याला दोन पुरतात. उन्हाळ्यात छताचा पंखा आणि कूलर चालू असतात, त्यांच्या आवाजात कार्डाचे ५५ टक्के खपून जातात. डिसेंबर-जानेवारीत पंखा बंद असतो, तेव्हा हाच आवाज टोचतो. पण तेव्हा खोली २२-२४ अंशांवर असते, म्हणून फॅनची हद्द ४० टक्क्यांवर आणूनही कार्ड थंड राहतं, वर क्लॉकलाही थोडी मोकळीक मिळते. ओव्हरक्लॉकची हौस भागवायची ती हिवाळी प्रोफाइलमध्ये.

बिनसलं तर

- ड्रायव्हर कोसळून पडदा क्षणभर काळा होतो: कोअर ३० मेगाहर्ट्झ खाली.
- काही बिघाड दिसत नाही, पण स्कोअर घसरला: मेमरी जास्त झाली, किंवा इफेक्टिव्ह क्लॉक पडलं.
- भार येताच कॉम्प्युटर थेट बंद होतो: आधी केबल, मग एसएमपीएस, मग यूपीएस तपासा. व्होल्टेजची रेघ शेवटी.
- महिन्याभरात चढ ४-५ अंशांनी वाढली: सेटिंगला हात लावू नका, जाळी धुवा.

जाळी उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी आणि एरवी महिन्याने धुवावी. कार्ड वर्षातून दोनदा बाहेर काढून झटकलं की पुरे. मार्चच्या अखेरीस उन्हाळी प्रोफाइल लावताना पहिल्या पायरीतली चढ पुन्हा मोजा आणि वहीतल्या गेल्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहा. दोन-तीन अंशांचा फरक असेल तर सोडून द्या. त्याहून जास्त असेल, तर ऊन वाढायच्या आधी दुसऱ्या पायरीपासून सुरू करा.