सौंदर्यप्रसाधनांतील प्राणिज घटक : दुकानदाराने काय पाहावे?



आमचा धंदा कापडाचा. ड्रेस मटेरियल घेणाऱ्या बायका लिपस्टिक, क्रीमही मागू लागल्या म्हणून आम्ही एक काउंटर वाढवला. एके दिवशी नेहमीच्या एक बाई सुजलेले ओठ घेऊन आल्या. डॉक्टरांनी त्यांना विचारले होते, ‘लिपस्टिकमध्ये काय आहे?’ कांडीवर काहीच लिहिलेले नव्हते, आणि जागा अडते म्हणून खोकी आम्ही फेकून दिली होती. पैसे परत केले, पण डॉक्टरांच्या प्रश्नाला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून आम्ही हा विषय समजून घेऊ लागलो.

प्राणिज घटक म्हणजे अपायकारकच, असे नाही. पण कोणता घटक आहे हे माहीत हवे.

१) कारमाइन : आपला ‘किरमिजी’ हा शब्द रंग देणाऱ्या किड्याच्या ‘किर्मिझ’ या अरबी नावावरून आला. निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्याच्या रंगाने पूर्वी कापड रंगत असे. आज तोच रंग लिपस्टिकमध्ये ‘कारमाइन’ किंवा ‘सीआय ७५४७०’ या नावाने असतो. बहुतेकांना तो बाधत नाही, पण काहींना तीव्र ॲलर्जी होते. म्हणून अमेरिकेत २०११ पासून त्याचे नाव लेबलवर छापणे सक्तीचे आहे.

२) लॅनोलिन : कच्ची लोकर हाताला चिकट लागते, ती याच मेणामुळे. क्रीम व लिपबाममध्ये ते असते. काहींच्या, विशेषतः इसब असलेल्यांच्या, त्वचेला ते खाज आणते.

३) चरबी : साबणावर ‘सोडियम टॅलोएट’ असेल तर जनावराची चरबी, ‘सोडियम पामेट’ असेल तर पाम तेल. ग्लिसरीन व स्टिअरिक ॲसिड मात्र दोन्हींपासून बनते. नावावरून कळत नाही. कंपनीला लेखी विचारावे.

जनावर कोणते व त्याचा कोणता भाग, यालाही महत्त्व आहे. गाईगुरांच्या ‘मॅड काऊ’ रोगाचा माणसाच्या रोगाशी संबंध असल्याचे ब्रिटन सरकारने १९९६ मध्ये जाहीर केले. त्यानंतर १९९७ मध्ये युरोपीय संघाने गुरे, शेळ्या, मेंढ्यांचा मेंदू, मज्जारज्जू व डोळे यांपासूनचे पदार्थ खबरदारी म्हणून प्रसाधनांत बंद केले.

आपल्या देशात घटकांची यादी छापण्याचा नियम आहे. परंतु ३० ग्रॅमपेक्षा कमी घट्ट आणि ६० मिलीपेक्षा कमी पातळ मालाला त्यातून सूट आहे. लिपस्टिक जेमतेम तीन-चार ग्रॅमची! म्हणजे सर्वांत जास्त खपणाऱ्या मालावरच यादी नसण्याचा संभव.

म्हणून आम्ही आता असे करतो : खोक्याशिवाय माल घेत नाही. उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर व मुदत पाहतो. परदेशी माल असेल तर आयातदाराचे नाव व नोंदणी क्रमांक पाहतो. यादी नसेल तर घाऊक व्यापाऱ्याकडून मागवून वहीत चिकटवतो. ॲलर्जी असलेल्या ग्राहकाला स्वतःहून सांगतो.

हलाल-हरामचा मसला उलमांना विचारावा. पण त्यांना विचारायलाही आधी घटकाचे नाव लागते. मीटरने कापड मोजताना आपण बोटभरही कमी देत नाही. मग ओठाला लागणारी वस्तू न वाचता कशी द्यावी?