पोटरीतला गोळा

आखाती देशात कामाला गेलेले कोणीतरी तुमच्या घरात किंवा शेजारी असेल. बहारीन हा असाच एक छोटासा बेटांचा देश. मनामा ही त्याची राजधानी. तिच्या दक्षिणेला, उथळ खाडीच्या काठी तुबली हे गाव आहे. समजा, चिपळूणकडचे एक काका तिथे फिटरचे काम करतात. खोलीपासून दुकानापर्यंत जाताना त्यांच्या उजव्या पोटरीत गोळा येतो. ते उभे राहतात. दोनतीन मिनिटांत दुखणे जाते. पुन्हा तेवढेच चालले, की पुन्हा गोळा. 'वात आला असेल,' म्हणून ते बाम चोळतात. घरी फोनवर 'मी मजेत आहे' एवढेच सांगतात.

काका खोटे बोलत नाहीत. थांबल्यावर त्यांना खरोखरच बरे वाटते. म्हणूनच हे दुखणे माणसाला फसवते.

हृदयातून निघालेले रक्त धमन्यांतून पायांपर्यंत पोचते. धमनीच्या आतल्या भिंतीवर चरबीचे थर साचले, की वाट अरुंद होते. बसलेल्या माणसाच्या पायाला थोडे रक्त पुरते, पण चालताना स्नायूंना कितीतरी अधिक लागते. ते मिळाले नाही, की पोटरी दुखते. गंमत म्हणजे हे दुखणे माणसाच्या आधी घोड्यात ओळखले गेले! १८३१ मध्ये बूले या फ्रेंच पशुवैद्याने धावताना लंगडणाऱ्या व विसाव्यानंतर नीट चालणाऱ्या घोड्याचे वर्णन केले. माणसातील असाच विकार शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी १८५८ मध्ये मांडला.

गुडघा दुखत असेल, तर तो बसून उठतानाही दुखतो. धमनीचे दुखणे चालल्यावर येते आणि नुसते उभे राहिले तरी जाते. रोग वाढला, की एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गार लागते. पायावरचे केस झडतात, कातडी चकचकीत होते, बोटावरची जखम भरत नाही. मधुमेह असलेल्यांच्या पायांना बधिरता आली, तर ही वेदना जाणवतही नाही. त्यांचे तळपाय रोज पाहावेत. तंबाखू, विडी, सिगारेट हे तर या रोगाचे मोठेच कारण!

डॉक्टर दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजतात. सुई टोचावी लागत नाही. घोट्याचा दाब दंडाच्या ०.९ पटीहून कमी भरला, तर पायाची धमनी अरुंद झाली असे समजतात. अशा माणसाच्या हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्याही बहुधा धोक्यात असतात. म्हणून पोटरीच्या दुखण्याकडे दुर्लक्ष करणे महागात पडते. पाय एकाएकी पांढरा, गार व बधिर झाला, तर काही तासांतच तो कायमचा निकामी होऊ शकतो. अशा वेळी बाम चोळत बसू नये. रुग्णवाहिका बोलवावी. बहारीनमध्ये त्यासाठी ९९९, तर महाराष्ट्रात १०८ हा क्रमांक आहे.

काकांचा फोन आला, की 'पाय दुखतो का?' असे विचारू नका. 'नाही' असेच उत्तर येईल. त्याऐवजी विचारा, "काका, दुकानापर्यंत जाताना किती वेळा थांबता? आणि रात्री पाय खाटेखाली लोंबकळत सोडल्यावरच झोप लागते का?"